मरून टोपी आणि ब्रिगेडियर उस्मान

वाचकहो, हुडकेश्वरहून नागपूर स्टेशनवर गेलात आणि गर्दीत मरून टोपीचा जवान दिसला, तर त्याच्या छातीची उजवी बाजू जरूर पाहा. नावाच्या पट्टीवर हवाई छत्री व दोन पंख दिसतील. विमानातून ठरलेल्या ५ उड्या पुऱ्या केल्याविना ते पंख मिळत नाहीत. तेथे घराणे वा धर्म विचारला जात नाही.

अशाच छत्रीधारी सैनिकांच्या ५० व्या ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर महंमद उस्मान. १५ जुलै १९१२ रोजी आझमगड जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. सँडहर्स्टला शिकून ते बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. १९४७ च्या फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानकडे गेली. उस्मान मात्र भारतातच राहिले.

त्याच डिसेंबरात काश्मीर आघाडीवरील झांगर शत्रूने घेतले. ते परत मिळेपर्यंत खाटेवर झोपायचे नाही, असा उस्मान यांनी पण केला. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी नौशेरा राखले, मार्चमध्ये झांगर सोडवले. या लढाईत छत्र्या उघडण्याचा प्रसंगच आला नाही. त्यांचे जवान, त्यांत छत्रीधारी मराठा पलटणही, पायदळासारखे लढले.

३ जुलै १९४८ रोजी झांगर येथेच तोफगोळा लागून उस्मान शहीद झाले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पंख उडी मारून मिळतात. पण ते छातीवर शोभतात, ते जमिनीवर पाय रोवून उभे राहिल्याने. उस्मान यांचे आयुष्य आपल्याला हेच सांगते.