कवट्यांचा कौल

बर्लिनच्या दालेम उपनगरात १९२७ साली एक संशोधन संस्था सुरू झाली. मानववंश, आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय आणि कैसर विल्हेल्मचे नाव तिला दिलेले. पुढच्याच वर्षी तिथे पुण्याहून एक विद्यार्थिनी दाखल झाली. वय बावीस-तेवीस, लग्न झालेले. संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर यांनी तिला प्रबंधासाठी दिलेला विषय वरवर अगदी निरुपद्रवी होता. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू सारखी असते की कमीजास्त, एवढेच तिने शोधायचे होते.

पण या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला होता. फिशरसाहेबांची अटकळ अशी, की गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्हीकडे सारखी नसते, आणि तर्काने विचार करण्याची त्यांची शक्तीही त्यामुळेच अधिक. इतर वंशांच्या कवट्या मोजून याला पुरावा मिळाला की झाले! निकाल आधी ठरलेला, मोजणी मागाहून.

ही चाल नवी नव्हती. पॅरिसच्या पॉल ब्रोका या नामांकित शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात मेंदू तोलले होते. पुरुषांच्या मेंदूचे सरासरी वजन १३२५ ग्रॅम आणि स्त्रियांच्या मेंदूचे ११४४ ग्रॅम भरले. बाईचा देह लहान म्हणून मेंदूही लहान, हे त्याला कळत होते. तरीही स्त्रिया बुद्धीने कमीच असतात हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा वजनातला काही फरक त्यामुळेही असणार, असे त्याने मानले. जे सिद्ध करायचे तेच हिशेबात आधी जमा धरलेले. बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला अशी जमेची नोंद लगेच खुपते.

आता गंमत पाहा. ब्रोकाच्या तराजूत ती विद्यार्थिनी बाई म्हणून उणी आणि फिशरच्या मापात हिंदी म्हणून उणी. आणि मोजायचा कॅलिपर मात्र तिच्याच हातात दिलेला.

ती म्हणजे इरावती कर्वे. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनियर, म्हणून तिथल्या थोर नदीचे नाव मुलीला ठेवलेले. सातव्या वर्षी पुण्याच्या हुजूरपागेत शिकायला आली आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात मुलीसारखी वाढली. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए., मग मुंबईत डॉ. घुर्यांच्या हाताखाली एम. ए. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोने तिथे जावे ही त्यांचीच ओढ. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या महर्षींना मात्र सुनेचे परदेशी जाणे पसंत नव्हते! मला यात ढोंग दिसत नाही. जगाच्या लेकींसाठी झिजणारा माणूस घरच्या सुनेच्या बाबतीत कचरतो, हे आपण घरोघरी पाहतो. अखेर जीवराज मेहतांकडून कर्ज काढून इरावतीबाई निघाल्या.

दालेमला त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. यातल्या कितीतरी जर्मनांनी आफ्रिकेतल्या आपल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या. ती माणसे कोण, कशी मेली, याची चौकशी तिथे फारशी कोणी करत नसे. बाईंनी निमूटपणे आकडे मांडले, आणि आकड्यांनी फिशरना साथ दिली नाही. कवटी दोन्हीकडे सारखी नसणे ही सगळ्याच माणसांची रीत निघाली. तिचा वंशाशी संबंध लागेना. बाईंनी तसे लिहिले. पदवी फिशरच्या हाती, खर्च कर्जाचा, सासरे आधीच नाखूश. पदवी मिळाली, पण गुण अगदी तळाचे. हेच फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांची संस्था हिटलरच्या वंशशुद्धीच्या कायद्यांना शास्त्राचा मुलामा देत राहिली.

हे चरित्र वाचताना मला आमचा शहापूर तालुका आठवत राहतो. वाशिंदच्या आसपास भाताची शेती. राब भाजणे, आवणी, बेणणी, झोडणी, यातले निम्म्याहून जास्त काम बाईच्या कमरेवर. पण सातबारा नवऱ्याच्या नावावर आणि कर्जाच्या अर्जात बायकोच्या व्यवसायापुढे घरकाम, असा शिरस्ता. काय करतेस म्हणून विचारले तर एक बाई काहीच नाही म्हणाली होती. तिच्या बोटांच्या पेरांना चिखलाने भेगा पडलेल्या होत्या. कातकऱ्यांच्या अर्जात कायमच्या पत्त्याची ओळ. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाऊन पावसाळ्याच्या तोंडाशी परतणारा माणूस तिथे काय लिहिणार? अर्ज छापणाऱ्याचा द्वेष नव्हता. त्याने स्वतःच्या घराकडे पाहून रकाने आखले होते, इतकेच.

बुद्धी मोजण्याचेही तसेच. इरावतीबाई जन्मल्या त्याच १९०५ साली पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी मुलांची बुद्धी मापण्याची पहिली चाचणी प्रसिद्ध केली. धारवाडच्या वि. वि. कामतांनी ती मराठी-कानडी मुलांसाठी नव्याने बेतली आणि त्यावर १९४० साली पुस्तक काढले. पॅरिसच्या पोराला विचारायचे प्रश्न धारवाडच्या पोराला लागू पडत नाहीत, हे त्यांनी ओळखले ही मोठीच गोष्ट. पण शाळेतल्या मुलासाठी बेतलेला प्रश्न वाशिंदजवळच्या कातकरी वाडीत तरी कुठे लागू पडतो? खेकड्याचे बीळ नुसत्या मातीवरून ओळखणारा मुलगा टपालपेटी कशाला असते या प्रश्नापाशी गप्प झाला, की कागदावर मंद ठरतो. पुढे अमेरिकेत कोलबर्ग यांनी नीतीच्या जाणिवेच्या पायऱ्या बसवल्या त्या मुलग्यांचा अभ्यास करून. त्या मापाने बायका कमी का भरतात, हे कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली पुस्तक लिहून विचारले.

इरावतीबाईंनी कॅलिपर मात्र टाकला नाही, आणि हे मला कोड्यात टाकते. १९३९ साली त्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि पुढे वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून जातीजमातींची डोकी, नाके, उंची मोजत राहिल्या. फिशरचे हत्यार त्यांनी फिशरचा निष्कर्ष नाकारूनही जवळ ठेवले. त्यांच्यावर टीका करणारे इथेच बोट ठेवतात आणि मला ती टीका अगदीच खोटी वाटत नाही. पण त्या नुसत्या मोजत बसल्या नाहीत. मुक्काम करत, नात्यांची नावे विचारत, कोणाची मुलगी कुठे देतात ते टिपून घेत. त्यातून १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. पंढरीच्या वारीत चालताना ब्राह्मणांची आणि मराठ्यांची पंगत वेगळी बसते हे त्यांना सलले, आणि ते त्यांनी लिहिले. ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी देव्हाऱ्यातून खाली आणून माणसांत बसवले.

‘परिपूर्ती’ या त्यांच्या लेखाची तर आजही चर्चा होते. सभेत ओळख करून देणारे त्यांना महर्षींची सून म्हणतात, प्राचार्यांची पत्नी म्हणतात, तरी काही राहिले असे वाटत राहते. मग रस्त्यावरची पोरे आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांना दाखवतात आणि ओळख पुरी होते. काही जण याला बाईंची शरणागती समजतात. मला त्यात खट्याळपणा जास्त दिसतो. पुण्यात स्कूटर चालवणारी, नवऱ्याला नावाने हाक मारणारी ही बाई त्या ओळखींनी पुरी होणारी नव्हती, हे तिला चांगलेच ठाऊक होते.

११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. दालेमची ती संस्था त्याआधीच बंद पडली होती. २०१४ साली तिच्या जुन्या इमारतीजवळ खोदकाम चालू असताना जमिनीतून माणसांची हाडे निघाली. पुढच्या खोदकामांत मिळून सुमारे १६ हजार तुकडे, निदान ५४ जणांचे. पुरुष, बायका, मुले. ती कोणत्या वंशाची हे शोधण्यासाठी आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असे ठरले. मार्च २०२३मध्ये ती सगळी हाडे दालेमच्याच दफनभूमीत एकत्र पुरण्यात आली.