न दिलेले गाणे

मुलुंड, घाटकोपर, अंधेरीकडच्या एखाद्या जुन्या रसिकाच्या घरी तळचा खण उघडा. कॅसेटींची एक चळत अजूनही निघेल. पाठीवर बॉलपेनने लिहिलेले असते : केसरबाई, खासगी मैफल. खाली रागाचे नाव, कधी वर्ष, पुष्कळदा नुसतेच प्रश्नचिन्ह. ही कॅसेट दुकानातली नव्हे. कोणाकडून तरी भरून घेतलेली, त्यानेही आणखी कोणाकडून घेतलेली. हातागणिक खरखर वाढत गेलेली आणि गाणे थोडे मागे सरकलेले. ज्या बाईंचे हे गाणे, त्यांना मात्र ते असे हातोहात फिरलेले मुळीच खपले नसते.

केसरबाई केरकर यांचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यातल्या केरी गावी, कलावंत घराण्यात झाला. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने, मग गोव्यात रामकृष्णबुवा वझे. सोळाव्या वर्षी मुंबईला आल्यावर बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. तुकड्यातुकड्यांनी मिळालेली ही तालीम. १९२१ साली जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला तेव्हा बाई एकोणतिशीच्या आसपास होत्या. म्हणजे ज्या वयात इतर गवई नाव कमावतात, त्या वयात त्यांनी पहिल्यापासून षड्ज लावायला घेतला. हे सोपे नाही. त्या काळी कलावंत घराण्यातल्या बाईला विद्या मागून मिळत नसे. ती पैसे मोजून, बोलणी खाऊन आणि वाट पाहून मिळवावी लागे.

त्यांचा पुढचा हट्ट यातूनच समजतो. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्टसाठी त्यांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या काही तबकड्या दिल्या खऱ्या, पण पुढे ध्वनिमुद्रणाकडे पाठच फिरवली. रेडिओपासूनही त्या दूर राहिल्या. आपले गाणे पानाच्या ठेल्यावर वाजलेले त्यांना नको होते, असे सांगितले जाते. मैफलीत कोणी टेपरेकॉर्डर लपवून आणला आहे का, यावर त्यांची बारीक नजर असे, असेही जुनी मंडळी सांगत. याला नुसता ताठा म्हणणे मला पटत नाही. पाऊण तास फुलवायचा राग साडेतीन मिनिटांत कोंबायचा आणि तोच आपला म्हणून जगाने ऐकायचा, हे मान्य नसणे हीही एक कलादृष्टीच.

तरीही मैफली टिपल्या गेल्याच. यजमानांच्या दिवाणखान्यात, कधी परवानगीने, कधी पडद्याआड. बाईंनी १९६३-६४ च्या सुमारास जाहीर गाणे थांबवले आणि तोवर टिपलेले तेवढेच उरले. ज्यांनी टिपले त्यांनी बाईंचा शब्द मोडला. पण जयपूर गायकीचा तो लांबलचक, न तुटणारा श्वास आज ऐकायचा तर दुसरा आधार नाही. मीही अशी एक कॅसेट एका परिचिताकडून भरून घेतली होती. कोणाच्या खिशातून काही काढून घेतल्याची भावना झाली, आणि तरीही ती रात्री तीनदा ऐकली.

कायद्याचे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला, निव्वळ गाणारा म्हणून, हक्कच नव्हता. देव आनंद यांच्याशी संबंधित खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९७८ साली चित्रपटातल्या नटाच्या कामाबाबत तसेच म्हटले. कलावंताचा हक्क आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. त्याची २५ वर्षांची मुदत १९९९ मध्ये ५० झाली. स्वतःच्या वापरासाठी टिपून घेणाऱ्याला तिथेही सूट आहे. वाटणाऱ्याला ती नाही आणि विकणाऱ्याला तर नाहीच. केसरबाईंना या साऱ्याचा काही उपयोग नव्हता. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्या गेल्या. त्याआधी अकरा दिवस व्हॉयेजर-१ यान अवकाशात झेपावले होते. त्यातल्या सोनेरी तबकडीवर बाईंची भैरवी आहे. जी पानाच्या ठेल्यावर नको होती, ती सूर्यमालेबाहेर निघाली. पण ती निदान त्यांनी स्वतः तबकडीवर दिलेली होती.

त्या खासगी कॅसेटी आज इंटरनेटवर कोणीही ऐकू शकतो. वाटणारे बहुतेक प्रेमानेच वाटतात, यात शंका नाही. फक्त कोणी त्यावर दाम लावला की माझे मन लगेच बाईंच्या बाजूला जाते.

आपल्या हाताने विद्या द्यावी असे बाईंना एकाच शिष्येबाबत वाटले. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी १९६२ पासून त्यांच्याकडे शिकल्या. उत्तरायुष्यात धोंडूताई बोरिवलीला राहत आणि घरी मुलामुलींना समोर बसवून शिकवत. उपनगरात कॅसेटी हातोहात फिरत होत्या त्याच काळात, त्याच लोकलच्या मार्गावर, बाईंनी खरोखर दिलेले गाणे एका तानपुऱ्यावर चालू होते. त्या शिकवणीला जायला काही जागा रिकाम्या असत का, हे मी तेव्हा कधी विचारलेच नाही. धोंडूताई २०१४ साली गेल्या.