जेमतेम वर्षभर शाळा शिकलेल्या हेन्री रॉईसची गाडी नगरच्या टँक म्युझियममध्ये का उभी आहे?

रोल्स रॉईस म्हटलं की डोळ्यासमोर येतात राजेमहाराजे, राजवाडे आणि चकचकीत गाड्या. पण अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या नगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलात तर एक वेगळीच रोल्स रॉईस दिसते. अंगावर पोलादी चिलखत आणि वर बंदुकीसाठी बुरूज! सिल्व्हर घोस्टच्या चासीवर बांधलेली ही चिलखती गाडी या संग्रहालयातली सगळ्यात जुनी गाडी आहे.

राजांची गाडी रणगाड्यांच्या रांगेत कशी आली? त्यासाठी ती घडवणाऱ्या माणसाची गोष्ट बघायला हवी.

हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा, इंग्लंडमधल्या ॲलवॉल्टन गावातला. वडिलांचा गिरणीचा धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आलं आणि हेन्री ९ वर्षांचा असताना वडील वारले. पोरगं पेपर विकायला लागलं, घरोघरी तारा पोहोचवायला लागलं. शाळा झाली ती जेमतेम वर्षभर. पुढे नात्यातल्या एका बाईंनी पैसे भरले म्हणून रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. पण तीन वर्षांत पैसे संपले आणि तीही अर्धवट सुटली.

१८८४ मध्ये त्याने अर्नेस्ट क्लेअरमाँट या मित्रासोबत मँचेस्टरमध्ये वर्कशॉप टाकलं. विजेच्या घंटा, डायनॅमो, क्रेन असं काहीबाही तिथे बनायचं. मग त्याने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली. तिच्या कामावर समाधान होईना, म्हणून १९०४ मध्ये स्वतःचीच गाडी बनवली. त्याच वर्षी ४ मे रोजी तो गाड्या विकणाऱ्या चार्ल्स रोल्सला भेटला. ठरलं असं की रॉईसने बनवायच्या आणि रोल्सने विकायच्या.

नंतरच्या गाड्यांपैकी एक म्हणजे सिल्व्हर घोस्ट. इंजिन ७ लिटरचं, ६ सिलिंडरचं. त्या काळी अशा इंजिनांचा लांब क्रँकशाफ्ट पीळ बसून थरथरायचा, कधी तुटायचाही. रॉईसने तो जाडजूड केला, ७ बेअरिंगवर बसवला आणि दाबाने तेल पोहोचवलं. १९०७ च्या चाचणीत ही गाडी बिघाडामुळे एकदाही न थांबता सुमारे २३ हजार किलोमीटर धावली. १९०८ मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत तिने आपले घाटही चढून दाखवले. ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

आता खरी मेख. कंपनी फक्त इंजिन आणि चासी विकायची, बॉडी गिऱ्हाईक आपल्या आवडीने बनवून घ्यायचं. राजांनी वर मखमली बैठका चढवल्या. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश सैन्याने त्याच चासीवर चिलखत चढवलं. काही टनांचा हा भारही तिने पेलला. अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्सच्या मोहिमांमध्येही या गाड्या होत्या.

रॉईसने मात्र याची किंमत शरीराने मोजली. कामापुढे त्याला जेवणाचं भान राहायचं नाही. १९१० मध्ये रोल्स विमान अपघातात गेला. पाठोपाठ रॉईसही गंभीर आजारी पडला आणि त्याचं मोठं ऑपरेशन झालं. त्यानंतर कारखान्यात जाणं जवळपास बंदच. पुढची २० वर्षं ड्रॉइंग त्याच्या घरी यायची आणि दुरुस्त्या होऊन परत जायची. विमानांची इंजिनंही त्याने अशीच घडवली. १९३० मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ एप्रिल १९३३ ला तो गेला, तेव्हा मर्लिन या नव्या इंजिनाचं काम सुरू होतं. ते चाललेलं त्याने पाहिलं नाही.

पुढे हेच मर्लिन स्पिटफायर विमानात बसलं. त्यावरूनच रणगाड्यांसाठी मेटिऑर इंजिन निघालं आणि ते सेंच्युरियनमध्ये आलं. १९६५ मध्ये असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटनना रोखणाऱ्या भारतीय रणगाड्यांमध्ये हे सेंच्युरियनही होते.

नगरच्या त्याच म्युझियममध्ये सेंच्युरियनही ठेवला आहे. म्हणजे रॉईसच्या कामाची सुरुवात आणि त्याच्या माघारी वाढलेला वारसा, दोन्ही एकाच आवारात बघायला मिळतात.