कंपनीचं विष कंपनीच्याच डॉक्टरने शोधलं, पण ते कोर्टात सांगायला ११ वर्षं गेली

साल १९५६, महिना एप्रिल. जपानच्या मिनामाता गावात पाच वर्षांच्या एका मुलीला दवाखान्यात आणलं. तिला नीट चालता येईना, बोलता येईना, झटके यायचे. मागोमाग तिची धाकटी बहीणही तशीच आजारी पडली.

दवाखाना चिस्सो या रसायनं बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि प्रमुख होते डॉ. हाजिमे होसोकावा. मेंदूचा अनोळखी आजार पसरतोय, हे १ मे रोजी त्यांच्या दवाखान्याने सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं. मिनामाता आजाराची सुरुवात याच तारखेपासून धरतात.

रुग्ण बहुतेक मच्छीमारांच्या घरातले. गावातली मांजरंसुद्धा वेड्यासारखी नाचायची आणि मरायची. माणसं आणि मांजरं, दोघांच्या खाण्यात खाडीतले मासे, शिंपल्या, खेकडे, कोळंबी.

कंपनी १९३२ पासून अॅसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यात पारा लागायचा. त्यातून तयार झालेला मिथाइल मर्क्युरी सांडपाण्याबरोबर खाडीत जायचा. खाडीबाहेरचा शिरानुई समुद्रही बेटांनी वेढलेला, त्यामुळे घाण लांब वाहून जायला वाव कमीच.

आता कोळंबीचंच बघा. तिचं रक्त तांब्यावर चालतं, म्हणून शरीरातलं तांबं ती बऱ्यापैकी आटोक्यात ठेवू शकते. मिथाइल मर्क्युरीपुढे मात्र तिचं काही चालत नाही. तो प्रथिनांना चिकटतो, शरीरातून फार हळू बाहेर पडतो आणि छोट्या जिवाकडून मोठ्याकडे जाताना वाढत जातो. धुवून जात नाही, शिजवूनही जात नाही. वर कोळंबी दिसायला एकदम ताजी!

होसोकावा मांजरांवर प्रयोग करत होते. जुलै १९५९ मध्ये त्यांनी ४०० नंबरच्या मांजराच्या खाण्यात थेट अॅसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी मिसळायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तेच झटके आले.

म्हणजे उत्तर सापडलं होतं.

कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही. सांडपाणी वापरून पुढचे प्रयोग करायला त्यांना मनाई झाली. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीने रुग्णांशी करार केला. थोडे पैसे घ्या, पुढे आमचा दोष सिद्ध झाला तरी आणखी मागायचं नाही, अशी त्यात अट होती. ४०० नंबरच्या मांजराचं रुग्णांना काहीच माहीत नव्हतं.

होसोकावा गप्प राहिले. १९६२ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. पारा समुद्रात जातच राहिला, तो थांबला १९६८ मध्ये. या गप्प बसण्याचा हिशेब त्यांच्या चांगुलपणातून वजा करावाच लागतो.

१९६९ मध्ये रुग्ण कोर्टात गेले. होसोकावांना तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर होता. जुलै १९७० मध्ये त्यांनी दवाखान्याच्या खाटेवरूनच साक्ष दिली आणि मांजराची सगळी गोष्ट सांगितली.

ऑक्टोबरमध्ये ते गेले. मार्च १९७३ मध्ये कोर्टाने कंपनीला दोषी धरलं आणि तो जुना करारही रद्द ठरवला.