टॉम प्राइस

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरी विधिमंडळाची नवी इमारत उभी राहत होती. तिच्यासाठी छिन्नी-हातोडी घेऊन दगड घडवणाऱ्या पाथरवटांत टॉमस प्राइस नावाचा तिशीतला एक कारागीर होता. ज्या भिंतींसाठी आपण दगड घडवीत आहो, त्यांच्याआड बसून एके दिवशी आपल्यालाच राज्यकारभार पाहावयाचा आहे, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

प्राइस यांचा जन्म १८५२ साली वेल्समध्ये झाला. बालपण गेले लिव्हरपूल बंदरात. घरची स्थिती बेताची. त्यामुळे शाळा थोडकीच घडली आणि लहान वयातच हाती छिन्नी आली. पाथरवटाचा धंदा मेहनतीचा खराच; पण त्याहून वाईट ती दगडाची बारीक धूळ. श्वासाबरोबर ती छातीत जाऊन बसते. प्राइस यांची फुप्फुसे अधू झाली. हवापालट मानवेल या आशेने १८८३ साली त्यांनी बिऱ्हाड हलवले आणि समुद्र ओलांडून ते अ‍ॅडलेडला आले. मात्र पोटासाठी धंदा तोच करावा लागला.

येथे ते पाथरवटांच्या संघटनेचे चिटणीस झाले. १८९३ साली मजूर पक्षातर्फे ते विधिमंडळात निवडून आले आणि १८९९ साली पक्षाचे पुढारी झाले.

२७ मे १९०५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात निवडणूक झाली. तेथील स्त्रियांना मताचा हक्क १८९४ सालीच मिळालेला होता. कनिष्ठ सभागृहाच्या ४२ जागांपैकी मजूर पक्षाला १५ मिळाल्या. बहुमताला हव्या होत्या २२. तेव्हा प्राइस यांनी उदारमतवादी गटाचे पुढारी पीक यांच्याशी हातमिळवणी केली. बटलर यांचे मंत्रिमंडळ गेले आणि २६ जुलै रोजी पाथरवट मुख्यमंत्री झाला. यापूर्वी १८९९ साली क्वीन्सलँडमध्ये मजूर पक्षाचे सरकार आले होते. पण ते आठवडाभरच टिकले. प्राइस यांचा कारभार जवळजवळ चार वर्षे चालला.

त्यांची खरी झुंज होती वरिष्ठ सभागृहाशी. त्या सभागृहासाठी मत देण्याचा हक्क मालमत्तेवर आणि घरभाड्यावर ठरे. गरिबाला तो नसे. वर्षाला १५ पौंड भाडे भरणाऱ्यासही मत असावे, असा प्राइस यांचा आग्रह होता. वरिष्ठ सभागृह ऐकेना. तेव्हा १९०६ साली त्यांनी पुन्हा निवडणूक घेतली. मजूर पक्षाच्या जागा २० झाल्या, तरीही विरोध मावळला नाही. अखेर १७ पौंडांवर तडजोड झाली. पक्षातील काहींना ती रुचली नाही. पण हजारो घरांना मत मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले होते. १९०८ साली अ‍ॅडलेडला सरकारी माध्यमिक शाळा निघाली. खाजगी कंपन्यांच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या सार्वजनिक मालकीच्या झाल्या. ९ मार्च १९०९ रोजी विजेची पहिली ट्राम निघाली, तेव्हा ती चालवण्याचा मान प्राइस यांच्या पत्नीला मिळाला.

पण छातीचे दुखणे पाठ सोडीना. ३१ मे १९०९ रोजी, अधिकारावर असतानाच, प्राइस वारले. त्या वेळी विधिमंडळाची इमारत निम्मीच उभी होती. तिचा पूर्वेकडील भाग १९३९ साली पुरा झाला.