शाळा सुटली, पण गाणे सुटले नाही

'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत २०२३ मध्ये राज्यगीत झाले. त्याच्या मूळ ध्वनिमुद्रिकेतला तो खणखणीत आवाज शाहीर साबळे यांचा. पण हा शाहीर काही अंशी आपल्या अमळनेरात घडला, हे आपल्याकडेच पुष्कळांना ठाऊक नसते.

कृष्णराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा. गाव सातारा जिल्ह्यातले, वाईजवळचे पसरणी. बासरी लहानपणीच हाती आली. गावची शाळा झाल्यावर ते आजोळी अमळनेरला आले. दिवस चळवळीचे होते. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसने खानदेश ढवळून निघालेला. साने गुरुजी प्रताप हायस्कूलची नोकरी सोडून देशकार्यात पडलेले. कृष्णाचे शिक्षण सातवीपाशीच थांबले. शाळेच्या हिशेबाने पोरगा वायाच गेला म्हणायचा! पण गुरुजींचा सहवास लाभला आणि गळा लोकांच्या कामी लागला.

पुढे पसरणीच्या भैरवनाथ मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साबळ्यांनी पुढाकार घेतला. साने गुरुजी, सेनापती बापट, क्रांतिसिंह नाना पाटील अशी मोठी मंडळी त्यासाठी गावात आली. आपल्याच गावात, आपल्याच भाऊबंदांसमोर असे उभे राहणे किती अवघड, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

स्वातंत्र्याच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा डफ घुमला. १९६० मध्ये 'यमराज्यात एक रात्र' हे मुक्तनाट्य त्यांनी रंगभूमीवर आणले. मुक्तनाट्य म्हणजे वगाचा ढंग, हजरजबाबी विनोद आणि आजच्या प्रश्नांवर चिमटे. त्यात ते स्वतः भूमिका करीत आणि गातही. 'आंधळं दळतंय' मध्ये त्यांनी मुंबईतल्या मराठी माणसाची फरफट मांडली. 'महाराष्ट्राची लोकधारा' मधून तर वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळी नाच असे सगळे शहरातल्या मोठ्या रंगमंचावर नेले. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता आमच्या खात्याचा अनुभव सांगतो. बोंडअळीवर सभा लावली तर चावडीत दहा डोकी जमत नाहीत. तीच गोष्ट वगात घातली, तर बायाबापड्याही शेवटपर्यंत बसतात आणि दुसऱ्या दिवशी बांधावर तिचीच चर्चा होते. साबळ्यांनी आयुष्यभर हेच केले. सांगायचे ते हसवत, लोकांच्या बोलीत सांगितले.

आपल्या खानदेशात वही गायन आहे, कानबाईची गाणी आहेत, अहिराणीसारखी गोड बोली आहे. पण म्हातारी मंडळी गेली, की त्यांच्यासोबत चालीही जातात. सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजी मंडळींनी यंदाच्या यात्रेत एक रात्र गावच्या कलावंतांसाठी राखून ठेवावी. अभ्यासात मागे पडलेले एखादे पोर त्या रात्री फडावर उभे राहिले, तर त्याला हाकलू नका. आधी त्याचे गाणे ऐका.