मातेओ रिची : चिनी पंडितांतला धर्मोपदेशक

जुन्या गोव्याच्या बॉम जेझूस चर्चमध्ये ज्याचे शव आजही जतन करून ठेवलेले आहे, तो सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका लहानशा बेटावर मरण पावला. गोव्यापासून जपानपर्यंत संचार केलेल्या या धर्मोपदेशकापासून चीनची मुख्य भूमी काही मैलांवर होती. पण परकीयास आत घेण्याची चिनी बादशाहीची तयारी नव्हती, आणि चोरून पलीकडे नेण्याचे कबूल केलेला व्यापारी अखेरपर्यंत फिरकला नाही. या मृत्यूच्या सुमारे आठ आठवडे आधी, ६ ऑक्टोबर रोजी, इटलीतील माचेराता या गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी मुलगा जन्मला होता. झेवियरला न उघडलेले दार पुढे या मुलाने उघडले. मातेओ रिची हे त्याचे नाव. मात्र हे दार उघडण्यासाठी त्याला स्वतःला किती बदलावे लागले, आणि तो बदल त्याच्या पश्चात रोमला का मानवला नाही, ही कथा ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील एका मूलभूत प्रश्नाला जाऊन भिडते. धर्म स्वीकारताना माणसाने आपली संस्कृती टाकून द्यावी काय, हा तो प्रश्न होय.

ख्रिस्ती धर्म म्हणजे युरोपचा धर्म, ही समजूत आपल्याकडे राज्यकर्त्यांमुळे दृढ झाली. वस्तुतः हा धर्म आशियात जन्मला आणि पश्चिमेइतकाच पूर्वेकडेही पसरला. केरळातील सीरियन ख्रिस्ती परंपरा पोर्तुगीजांच्या कितीतरी शतके आधीची आहे. इराणच्या बाजूने गेलेले ख्रिस्ती साधू तर इ. स. ६३५ मध्येच चीनच्या तांग राजधानीत पोहोचले होते. पण ती परंपरा तेथे कालांतराने लोपली आणि तिचे स्मरणही जवळजवळ पुसले गेले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून जो ख्रिस्ती धर्म आला, त्याचे स्वरूप निराळे होते. गोव्यात काय किंवा मकाव बंदरात काय, बाप्तिस्मा घेणे म्हणजे फिरंगी होणे असा व्यवहार होता. नाव पोर्तुगीज, आडनाव पोर्तुगीज, पोशाखही पोर्तुगीज. नवा धर्म घेतलेला माणूस आपल्याच गावात परका होऊन बसे.

रिचीला वडिलांनी १५६८ साली कायदा शिकण्यासाठी रोमला धाडले. तीन वर्षांनी तो कायदा सोडून जेझुइट संघात दाखल झाला. संतापलेला बाप जाब विचारण्यासाठी घरून निघाला. पण वाटेतच ज्वराने आडवा झाला आणि हा ईश्वरी संकेत समजून माघारी वळला, असे सांगतात. रोमच्या विद्यालयात रिचीला क्लाव्हिउस हा गणिती गुरू लाभला. ग्रेगरी पोपच्या १५८२ च्या पंचांगसुधारणेत ज्याचा मोठा हात होता, तोच हा क्लाव्हिउस. त्याच्याकडून घेतलेली भूमिती, ज्योतिष आणि छायायंत्रे तयार करण्याची विद्या पुढे धर्मग्रंथांपेक्षाही अधिक कामास येणार होती.

१५७८ च्या सप्टेंबरात तो गोव्यास उतरला. त्याच ताफ्यातून आलेला रोदोल्फो आक्वाविवा पुढे अकबराच्या दरबारात गेला आणि परतल्यावर १५८३ साली साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला. देवळे पाडणाऱ्या राजवटीवरचा गावकऱ्यांचा राग त्या दिवशी उसळून आला होता. ‘ख्रिस्तपुराण’ रचून मराठीवर ऋण करून ठेवणारा इंग्रज फादर स्टीफन्स गोव्यास आला तो १५७९ साली, म्हणजे रिची भारतात असतानाच. एकाच संघाची ही तीन माणसे. एक मोगल दरबारात वाद घालतो, एक मराठीत ओव्या रचतो, एक चिनी अक्षरे गिरवायला जातो. त्या काळच्या या संघाची बौद्धिक झेप यावरून ध्यानी यावी.

रिची गोव्यात व कोचीनला व्याकरण शिकवी. कोचीनलाच १५८० मध्ये त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. त्याच्या गोव्यातील वास्तव्यातली एक गोष्ट आपण विसरू नये. देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र हे वरचे विषय शिकवू नयेत, नाहीतर ते शेफारतील, असे धोरण तेथील वरिष्ठांनी आखले. तेव्हा २९ वर्षांच्या या तरुणाने नोव्हेंबर १५८१ मध्ये रोमला पत्र लिहून त्याचा निषेध केला. आधीच स्वकीयांत हिणवल्या गेलेल्या या मुलांना आपणही कमी लेखले तर ती आपला द्वेष करतील, असा त्याचा युक्तिवाद होता. चीनमध्ये त्याने जे केले त्याचे बीज या पत्रात आहे, असे मला वाटते.

पूर्वेकडील जेझुइटांचा प्रमुख वालिन्यानो याने चीनसाठी नवे धोरण ठरविले होते. चिनी माणसाला पोर्तुगीज करावयाचे नाही. धर्मोपदेशकानेच चिनी व्हावयाचे. १५८२ साली रिची मकावला पोहोचून भाषेच्या अभ्यासाला बसला आणि पुढल्या वर्षी वडील सहकारी रुज्जिएरी याच्यासमवेत कँटनजवळच्या झाओचिंग शहरात राहू लागला. डोके व दाढी भादरून दोघांनी बौद्ध भिक्षूंचा वेष घेतला होता. लोक येत ते काचेचे लोलक, घड्याळ आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहायला. तो नकाशा १५८४ मध्ये रिचीने चिनी अक्षरांत तयार केला. चीन म्हणजेच जवळजवळ सारे जग, या समजुतीला त्याने धक्का दिला; तथापि चीन कोपऱ्यात पडू नये म्हणून तो मध्याजवळ येईल अशी मांडणीही केली. सत्य सांगावे, पण यजमानाचा अवमान होऊ देऊ नये, ही त्याची रीत.

बौद्ध भिक्षूचा वेष ही चूक होती, हे कळायला बारा वर्षे गेली. चिनी समाजात खरा मान परीक्षा उत्तीर्ण झालेल्या पंडितांना होता. भिक्षूंना हे पंडित फारशी किंमत देत नसत. किमया शिकण्याच्या आशेने आलेला आणि गणित शिकून राहिलेला च्यू ताइसू हा मित्र रिचीला सतत हेच सांगत होता. १५९५ मध्ये रिचीने दाढी राखली, रेशमी अंगरखा आणि पंडिताची टोपी धारण केली. एव्हाना तो लंगडत चालत असे. तीन वर्षांपूर्वी घरावर रात्री पडलेल्या दरोड्यात खिडकीतून उडी टाकताना त्याचा पाय दुखावला होता. नानचांग शहरातील विद्वानांसमोर तो चारपाचशे अक्षरांची असंबद्ध यादी एकदा वाचून सुलट आणि उलट म्हणून दाखवी. जेथे सगळे आयुष्य पाठांतरावर आणि परीक्षांवर अवलंबून, तेथे या गोष्टीचा केवढा बोलबाला झाला असेल, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच! तेथेच त्याने मैत्री या विषयावर ग्रीक-रोमन वचनांचे छोटेसे चिनी पुस्तक लिहिले. चीनमध्ये त्याला कीर्ती मिळाली ती या पुस्तकाने, ख्रिस्ताच्या चरित्राने नव्हे.

पेकिंगचा मार्ग सोपा नव्हता. वानली बादशहासाठी नजराणे घेऊन निघालेल्या रिचीला मा तांग नावाच्या लोभी खोजा अधिकाऱ्याने वाटेत अडविले. सामानाच्या झडतीत क्रूसावर खिळलेल्या ख्रिस्ताची, रक्ताने माखलेली रंगीत लाकडी मूर्ती सापडली. बादशहाला मारण्यासाठी केलेला हा जादूटोणा, असा आरोप तत्क्षणी आला. या मूर्तीचा अर्थ काय, हे त्या जमावाला सांगण्याची वेळ रिचीवर आली, आणि ज्यासाठी आयुष्य वाहिले ते वाक्य त्याला उच्चारता आले नाही. हा देव आहे असे न म्हणता, पश्चिमेकडील एका थोर संताचे हे रूप आहे, असे त्याने सांगितले. त्याच्या मार्गाची मर्यादा या प्रसंगात जितकी उघडी पडते तितकी नंतरच्या कोणत्याही वादग्रंथात पडत नाही.

जानेवारी १६०१ मध्ये तो अखेर राजधानीत शिरला. बादशहाचे दर्शन त्याला कधीच घडले नाही. पण त्याच्या घड्याळांचे घडले. घड्याळ बंद पडले की किल्ली देणारा माणूस हवा, आणि म्हणून या परकीयाला राजधानीत राहू देणे सोयीचे! रिचीने खोजांना घड्याळाची निगा शिकविली, नजर केलेल्या वाद्यासाठी आठ चिनी गीते रचून दिली आणि तो तेथेच स्थायिक झाला.

१६०३ मध्ये त्याचा मुख्य ग्रंथ ‘त्यानझू शियी’, म्हणजे स्वर्गाधिपतीचा खरा अर्थ, प्रसिद्ध झाला. एक चिनी व एक पाश्चात्त्य पंडित यांचा हा संवाद आहे. देवाला चिनीत काय म्हणावे, हा यातला कळीचा मुद्दा. प्राचीन चिनी ग्रंथांतील ‘शांगदी’, म्हणजे सर्वोच्च स्वामी, तोच आमचा ईश्वर, असे रिचीने प्रतिपादन केले. कन्फ्यूशियसची मूळ शिकवण ख्रिस्ती धर्माला विरोधी नसून पायाभूत आहे. पितरांपुढे अन्न ठेवणे, धूप जाळणे, कन्फ्यूशियसला वंदन करणे ही मूर्तिपूजा नव्हे, तर कृतज्ञता आहे, अशी त्याची भूमिका होती. बौद्धांच्या बाबतीत मात्र त्याची ही उदारता आटून जाई. त्यांच्यावर त्याने कठोर आणि पुष्कळदा अन्यायाची टीका केली. दरबारी पंडितांना बौद्ध नकोसे होते आणि रिचीला पंडित हवे होते, हे त्याचे एक कारण असावे. त्याच्या ग्रंथात क्रूसावरील मृत्यूला जवळजवळ स्थानच नाही, हेही नमूद केले पाहिजे.

निर्मळ आनंदाचे कार्य म्हणजे यूक्लिडचे भाषांतर. शू ग्वांगची हा पुढे राज्याच्या सर्वोच्च मंत्र्यांत गणला गेलेला विद्वान १६०३ मध्ये ख्रिस्ती झाला होता. रिचीने तोंडी अर्थ सांगावा, शूने तो अभिजात चिनीत उतरवावा आणि दोघांनी पुन्हा पुन्हा घासूनपुसून घ्यावा, असे करीत १६०७ मध्ये पहिले सहा खंड पूर्ण झाले. भूमितीसाठी त्यांनी योजलेली संज्ञा चीनमध्ये आजही रूढ आहे.

१६०५ मध्ये कायफेंग शहराहून आय त्यान नावाचा एक गृहस्थ रिचीला भेटायला आला. पेकिंगमध्ये एकाच देवाला भजणारे पाश्चात्त्य आले आहेत, पण ते मुसलमान नाहीत, असे ऐकून ते आपल्यापैकीच असणार अशी त्याने खूणगाठ बांधली होती. मेरी, बाळ येशू आणि बाळ योहान यांचे चित्र पाहून त्याने भक्तिभावाने नमस्कार केला. कारण त्याला ती रिबेका आणि तिची जुळी मुले वाटली. आय त्यान ज्यू होता, आणि चीनमध्ये ज्यूंची वस्ती आहे हे युरोपला त्याच्यामुळे कळले. कायफेंगच्या वृद्ध धर्मगुरूने तर, डुकराचे मांस सोडत असशील तर माझी गादी तूच चालव, असा निरोप रिचीला धाडला! त्याच सुमारास बेंतो दे गोइश हा जेझुइट बंधू आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात आग्र्याहून मध्य आशियामार्गे चीनकडे येत होता. जुन्या प्रवाशांचे ‘कॅथे’ म्हणजे चीनच, हे रिचीचे अनुमान त्याच्या प्रवासाने सिद्ध झाले. पण चीनच्या सीमेवरच, १६०७ मध्ये, त्याचा अंत झाला.

११ मे १६१० रोजी रिची पेकिंगमध्ये वारला. चीनमधील ख्रिस्ती तेव्हा जेमतेम अडीच हजार होते. दफनासाठी बादशहाने जागा दिली; परकीयाच्या वाट्याला असा मान क्वचितच येई.

संकट आले ते स्वकीयांकडून. रिचीच्या गादीवर बसलेल्या लोंगोबार्दो यालाच ‘शांगदी’ हा शब्द खटकू लागला. पुढे डॉमिनिकन व फ्रान्सिस्कन उपदेशक आले. त्यांचा वावर खेड्यापाड्यांत होता आणि पितरांची पूजा तेथे त्यांना निव्वळ कृतज्ञता दिसेना. त्यांचेही अगदीच चुकले असे म्हणता येत नाही, कारण पंडिताचे श्राद्ध आणि शेतकऱ्याचे श्राद्ध यांत भेद असतोच. पण निर्णय झाला तो रोममध्ये, चिनी अक्षर न वाचता येणाऱ्यांकडून. कांगशी बादशहाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मुभा दिली होती आणि हे विधी धार्मिक नसल्याचा निर्वाळाही पुढे दिला होता. तो डावलून पोपने १७०४ व १७१५ मध्ये ते निषिद्ध ठरविले, आणि १७४२ मध्ये त्यावर वादही बंद केला. कांगशी खवळला, १७२४ मध्ये त्याच्या पुत्राने धर्मप्रसारावर बंदीच घातली. आपल्याकडे मदुरेत १६०६ पासून संन्याशाच्या वेषात राहून संस्कृत व तमिळ शिकलेल्या रॉबर्टो दे नोबिलीच्या परंपरेवरही तेच गंडांतर आले. गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात तर ख्रिस्ती घरापुढची तुळस आणि मीठ न घालता शिजविलेला भात यांवरही बंदी आणली. भात कसा शिजवावा इथपर्यंत धर्माची सत्ता पोहोचली ती अशी.

चिनी विधींवरील बंदी रोमने उठविली १९३९ मध्ये, म्हणजे जवळजवळ सव्वादोन शतकांनी. डिसेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रिचीला ‘आदरणीय’ ही पदवी दिली. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी होय.

त्याच्या थडग्याने पुष्कळ पाहिले. १९०० च्या बॉक्सर उठावात ते उद्ध्वस्त झाले, सांस्कृतिक क्रांतीत शिळा जमिनीखाली गेली, नंतर पुन्हा उभी करण्यात आली. आज ती बीजिंगमध्ये पक्षाच्या कार्यकर्त्यांना शिकविणाऱ्या महाविद्यालयाच्या आवारात आहे, आणि तिच्यावरील लेख चिनी व लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. शांघायच्या घड्याळजींनी मात्र रोमच्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. त्यांनी त्याला पुष्कळ आधीच आपल्या धंद्याचा अधिष्ठाता देव करून टाकले होते. लीमातोउ हे त्याचे चिनी नाव. घड्याळजी त्याला लीमातोउ पुसा म्हणत. पुसा म्हणजे बोधिसत्त्व.